कृत्तिका व एका चेरोकी वैद्याची वही

कृत्तिकांचा झुबका सर्वांच्या परिचयाचा आहे. साध्या डोळ्यांना त्यांत बहुधा सहाच तारका दिसतात. सात ऋषिपत्न्यांपैकीं अरुंधती तेवढी वसिष्ठांपाशीं राहिली, असें आपल्याकडे सांगतात. अमेरिकेंतील चेरोकी लोक याच तारकांना 'मुलें' म्हणतात. सात मुलें मक्याच्या शेतांतलें काम टाकून दिवसभर दगडी चकत्यांचा खेळ खेळत. आयांनीं रागानें मक्याबरोबर त्या चकत्याच शिजवून वाढल्या! मुलें रुसून नाचूं लागलीं व नाचतां नाचतां आकाशांत चढलीं. एकास आईनें खालीं ओढलें. तो एवढ्या वेगानें आदळला कीं धरणीनें त्याला पोटांत घेतलें. ती माउली रोज तेथें रडे. आसवांनीं भिजलेल्या मातींतून अंकुर फुटला, तेंच पाइनचें झाड. वर सहा उरलीं.

ही कथा सांगणारांपैकीं एक अयुनिनी. नांवाचा अर्थ 'पोहणारा'. १८३८ सालीं अमेरिकन सरकारनें चेरोकींना सैन्याच्या पहाऱ्यांत पश्चिमेकडे हांकलून दिलें. हजारों माणसें त्यांत मेलीं. जे थोडे नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरांत टिकले, त्यांच्यांतला हा वैद्य. इंग्रजी त्याला येत नव्हतें. १८८७ सालीं जेम्स मूनी हे संशोधक त्या डोंगरांत गेले. कथा मिळाल्या, पण शिकारीचीं गाणीं अयुनिनी देईना. ती त्याची गुप्त विद्या. शिकारी एकेका गाण्यास पांच डॉलरपर्यंत मोजीत. तुम्ही पांच-सहा वृद्ध गेल्यावरही चेरोकींना काय काय ठाऊक होतें हें जगास कळावें एवढाच हेतु, असें मूनींनीं समजाविलें. इतर जमातींच्या वैद्यांचीं गाणीं वॉशिंग्टनला पोंचलीं आहेत, हेंही सांगितलें. झालें! अधिक कोणास येतें तें लोकांनींच ठरवावें, म्हणून तो बोलूं लागला. हा अभिमान आम्हांस तरी दोष वाटत नाहीं. आमच्या लहानपणीं पाहिलेल्या कित्येक वैद्यांची विद्या त्यांच्याबरोबरच चितेवर गेली.

पुढें त्यानें आपली वही दाखविली. सुमारें २४० पानांची, निम्मी भरलेली; रोगांवरचे मंत्र, शिकारीचीं व प्रेमाचीं गाणीं, सारें त्याच्या हातचें. लिपि चेरोकींची स्वतःची, इंग्रजी न जाणणाऱ्या सिक्वोया नांवाच्या गृहस्थानें १८२१ सालीं सिद्ध केलेली.

१८९९ च्या मार्चमध्यें अयुनिनी वारला. पुढच्या वर्षीं मूनींचा कथासंग्रह निघाला. त्यांतील जवळजवळ तीन-चतुर्थांश कथा त्याच्या तोंडच्या. वही ग्रंथरूपानें निघण्यास १९३२ साल उजाडलें.