पलटे किती आणि गीते किती?

ॲकॉर्डियन शिकू लागलेल्या प्रत्येकाला पहिल्या वर्षातच एक प्रश्न पडतो: दवाखाना किंवा शाळा सांभाळून मिळणाऱ्या अर्ध्या तासात अलंकार-पलटे घोटावेत, की एखादे गीत वाजवावे? हार्मोनियम शिकणाऱ्यालाही तो पडतोच. परंतु येथे त्याला अधिक धार येते. उजवा हात स्वरपट्ट्यांवर फिरत असताना डाव्या हाताला दोन कामे करावी लागतात. वादकाला न दिसणारी बटणे केवळ स्पर्शाने शोधायची आणि त्याच वेळी भाता ओढायचा व मिटायचा. पूर्ण आकाराच्या वाद्यात अशी १२० बटणे असतात. ‘सी’ स्वराच्या बटणावरील बारीकशी खळगी ही बोटांची मुख्य खूण.

स्वरपट्टी कितीही जोराने दाबली तरी नाद वाढत नाही. तो वाढतो भात्याने. ‘आराधना’ (१९६९) चित्रपटातील ‘रूप तेरा मस्ताना’ या गीतात केरसी लॉर्ड यांनी वाजविलेले ॲकॉर्डियन या दृष्टीने पुन्हा ऐकावे. म्हणूनच भात्याची स्वतंत्र कवायत अटळ आहे: एकच स्वर धरून आठ मात्रांत भाता उघडावा, आठ मात्रांत मिटावा आणि दिशा बदलताना स्वराला ठेच लागू देऊ नये. रोज पाच-सात मिनिटे त्यासाठी पुरेत.

उरलेले पलटे मात्र गीतातूनच काढावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. माझ्याकडे तपासणीस येणारा एक अकरा वर्षांचा मुलगा आठ महिने केवळ सप्तके चढत-उतरत होता. आजोबांना ऐकवावे असे एकही गीत त्याच्यापाशी नव्हते आणि घरात वाद्य विकण्याची बोलणी सुरू झाली होती. त्याला चार ओळींचे गीत निवडावयास सांगितले. जेथे बोटे अडत, तेवढ्याच दोन मात्रांचा पलटा करावयाचा: आधी विलंबित लयीत, मग उलट क्रमाने, मग दुसऱ्या स्वरापासून, आणि लगेच गीतात परत. वाद्य अद्याप घरात आहे.

याला शास्त्राचा आधारही आहे. शे आणि मॉर्गन यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हाताच्या हालचालींचे तीन प्रकार शिकविले गेले. एकेक प्रकार सलग घोटणारे सरावाच्या वेळी पुढे दिसले. नंतरच्या चाचणीत मात्र मिश्र क्रमाने सराव केलेले सरस ठरले. प्रयोग वाद्यवादनाचा नव्हता, तरी हात तेच आणि मेंदूही तोच.

बालरोगतज्ज्ञ म्हणून एक पुरवणी. २०२० च्या दप्तरविषयक धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे, आणि १२० बटणांचे वाद्य सुमारे दहा किलोंचे असते! मुलांसाठी ४८ बटणांचे हलके वाद्य मिळते. ते बसूनच वाजवावे, दोन्ही पट्टे नीट आवळावेत आणि पलटा असो वा गीत, पंधरा मिनिटांनी ते खांद्यावरून उतरवावे.