मेक्सिकोचा स्वयंपाक, बर्लिनचा बाजार

युरोपातल्या बहुतेक सुपरमार्केटांत 'मेक्सिकन' नावाची एक फळी असते. तिच्यावर घडी घातलेले कडक टाको, तयार मसाल्याची पाकिटं आणि गोडसर साल्साच्या बाटल्या मांडलेल्या असतात. यातलं बरंचसं टेक्सासच्या बाजूचं. मेक्सिकोतल्या पुएब्ला किंवा ओआहाकाकडची बाई त्या फळीपुढे क्षणभरही थांबायची नाही. बर्लिनमध्ये राहणारे मेक्सिकन आपला बाजार करतात तो तुर्कांच्या, अरबांच्या, व्हिएतनामींच्या आणि श्रीलंकेतल्या तमिळांच्या दुकानांत.

याचं कारण जुनं आहे. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं आकापुल्को आणि मनिला यांच्यामध्ये स्पेनची गलबतं ये-जा करत होती. मेक्सिकोच्या मुलखातली मिरची, मका, टोमॅटो पोर्तुगीज आणि स्पॅनिश वाटांनी जगभर गेले आणि आशियातली चिंच मेक्सिकोत जाऊन तिथलीच झाली. म्हणून जिन्नस शोधताना 'मेक्सिकन दुकान कुठे आहे?' असं विचारून फारसं हाती लागत नाही. 'हे अजून कोण खातं?' असं विचारलं की निम्मी यादी पूर्ण होते.

चिंच आणि गूळ तमिळ दुकानात. मेक्सिकोत शंकूच्या आकाराचा पिलोन्सियो मिळतो, तो म्हणजे उसाचा गूळच; त्याला दुसरा पर्याय शोधत बसण्यात अर्थ नाही. दालचिनी मात्र बघून घ्यावी. मेक्सिकन स्वयंपाकात श्रीलंकेची पातळ, पापुद्र्यांची, बोटांनी चुरता येणारी दालचिनी लागते, जाड सालीची चालत नाही. लाल अंबाडीच्या वाळवलेल्या बोंडांचं गार सरबत मेक्सिकोत घरोघर होतं. ती बोंडं बर्लिनच्या झोनेनआले रस्त्यावरच्या अरब दुकानांत 'करकदे' या नावाने पोत्यांत भरून ठेवलेली असतात. तामाले म्हणजे पानांत बांधून वाफवलेल्या मक्याच्या पिठाच्या पुड्या. त्यांच्यासाठी मक्याच्या कणसाची वाळकी पानं मिळाली नाहीत तर गोठवलेली केळीची पानं घ्यावीत. ही काही तडजोड नव्हे, ओआहाका आणि युकातानमध्ये तामाले केळीच्या पानांतही बांधतात. युकातानी मांसाला लाल रंग देणारं आचियोते म्हणजे आपली शेंद्री. फिलिपिनो लोक ती रोजच्या स्वयंपाकात वापरतात, त्यामुळे आशियाई दुकानात हमखास सापडते.

दुधाच्या पदार्थांचं फारसं अडत नाही. ओआहाकाच्या तारांच्या चीजऐवजी तुर्कांचं 'दिल पेयनिरी' घ्यावं, तेही तसंच पदर सुटणारं असतं. क्रेमाच्या, म्हणजे आंबटसर सायीच्या जागी जर्मन 'श्मांट'. वरून भुरभुरायला पाण्यात खारटपणा उतरवलेलं फेटा किंवा मीठ लावून चुरलेलं पनीर. तामालेला डुकराची चरबी लागते आणि ती जर्मनीत कुठेही मिळते. फक्त डब्यावर नीट वाचून घ्यावं, नाहीतर कांदा-सफरचंद घातलेली, पावाला लावायची चरबी घरी येते.

खरी परीक्षा टॉर्टियाची, म्हणजे मक्याच्या पातळ पोळीची. पोलेंटाचं पीठ चालत नाही, कॉर्नफ्लोअरचा तर प्रश्नच नाही. आपलं मक्याचं पीठ गरम पाण्यात मळून भाकरी थापता येते, पण ती दुमडली की तुटते. टॉर्टिया दुमडते, कारण तिचा मका आधी चुन्यात शिजवलेला असतो. एक किलो वाळका मका, साधारण दहा ग्रॅम कोरडा चुना आणि तीन लिटर पाणी. अर्धा-पाऊण तास उकळायचं, रात्रभर तसंच ठेवायचं आणि सकाळी चोळून धुवायचं. साल निसटून जाते, दाणा फुगतो आणि वाटल्यावर त्याला चिकटपणा येतो. चुना खायचाच हवा. तमिळ किंवा थाई दुकानात पानाचा चुना मिळतो, पण तो ओला असल्यामुळे दहा ग्रॅमने भागत नाही, थोडा जास्त घ्यावा लागतो. बांधकामाच्या दुकानातला चुना स्वस्त पडतो म्हणून कोणी आणू नये.

या चुन्याची किंमत युरोपाला फार उशिरा कळली. मका समुद्र ओलांडून आला, चुना मागेच राहिला. उत्तर इटलीत पोलेंटावर दिवस काढणाऱ्या गरिबांना अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत पेलाग्रा या रोगाने गाठलं, कारण मक्यातलं नायसिन चुन्याशिवाय शरीराला नीट मिळत नाही. मेक्सिकोत मका हेच मुख्य अन्न असूनही हा रोग असा पसरला नाही. (मेक्सिकोच्या मक्याशी आपलं एक नातंही आहे. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे १९२०च्या दशकात मेक्सिकोतल्या चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवत होते आणि मक्याच्या वाणांवर संशोधन करत होते. चित्रकार दिएगो रिवेराच्या भित्तिचित्रात ते दिसतात.)

मका चुन्यात शिजवून धुतला तरी वाटण्याचं काम उरतंच. मिक्सरला पाणी जास्त लागतं आणि पीठ सैल होतं. मग त्यात तयार मासा पीठ घालून सावरावं लागतं. हे पीठ म्हणजे चुन्यात शिजवलेला मका वाळवून दळलेला. ते पाकिटातून येतं आणि नुसत्या पाण्यात मळलं तरी चालतं. माझ्या मते नोकरी करणाऱ्याने सरळ पाकीट आणावं आणि वाचलेला वेळ मिरच्यांना द्यावा.

कारण मिरच्यांच्या बाबतीत घाई चालत नाही. ग्वाहियो ही लाल रंगाची, बेताच्या तिखटाची मिरची. तिच्या जागी ब्याडगी किंवा काश्मिरी बऱ्यापैकी निभावते. अंगाने पातळ असल्यामुळे दोन-चार जास्त घ्याव्यात. तिखट, बारीक चिले दे आर्बोलऐवजी लवंगी. चिपोत्ले म्हणजे धुरावर वाळवलेली हालापेन्यो. ती डब्यात मिळते, नाही मिळाली तर स्पेनची धुरकट पापरिका. आंचोला मात्र पर्याय नाही. ती वाळवलेली पोब्लानो, जाड, काळपट आणि मनुकांसारखा गोडवा असलेली. ब्याडगीत मनुका घालून ती साधते असं सांगणारे भेटतात. त्यांनी आंचो चाखलेली नसावी.

माझी शेजारीण पुएब्लाची. मिरची कशी हाताळावी हे तिच्या ओट्याशी उभं राहून बघावं. देठ मोडून मिरची उभी फाडते, बिया झटकून काढते आणि कोरड्या तव्यावर बोटांनी चपटी दाबून धरते. चार-पाच सेकंद, मग उलटते. मिरचीचा रंग जरा उजळतो, वास सुटतो, की लगेच गरम पाण्यात. तव्यावरून धूर दिसला तर ती मिरची सरळ कचऱ्यात टाकते, कारण जळकी मिरची सगळं वाटण कडू करते. भिजलेल्या मिरच्या वाटून झाल्या की गाळणीतून दाबून काढते. ही शेवटची पायरी आपल्याकडे सहसा करत नाहीत आणि साली दाताखाली येतात.

काही गोष्टी दुकानात शोधूच नयेत, पेराव्यात. तोमातियो हे पातळ टरफलातलं हिरवं आंबट फळ आपल्या रसभरीच्या कुळातलं. कच्च्या टोमॅटोत लिंबू पिळून हिरवा साल्सा करतात, त्याला तोमातियोची चव नाही. डबाबंद तोमातियो बरे, बाल्कनीतले उत्तम, पण रोपं निदान दोन हवीत. एकट्या झाडाला फुलं भरपूर येतात, फळ धरत नाही. काळ्या घेवड्यात पडणारी एपासोते ही उग्र पाल्याची वनस्पती. पहिल्यांदा हुंगणाऱ्याला रॉकेल आठवतं. वाळली की तिच्यात काही राहत नाही. कुंडीत एकदा लावली की बी गळून पुढच्या वर्षी आपोआप उगवते.

आपली दिवाळी कधीकधी १ आणि २ नोव्हेंबरला येते, त्याच तारखांना मेक्सिकोत पितरांचा सण असतो. त्या आठवड्यात बर्लिनच्या मेक्सिकन घरांची धावपळ बघण्यासारखी असते. सणाच्या गोड पावात संत्र्याच्या फुलांचा अर्क लागतो, तो पुन्हा अरब दुकानातून. राजगिऱ्याच्या वड्या मेक्सिकोतही करतात. लाह्या सेंद्रिय मालाच्या दुकानात मिळतात, गूळ आणलेलाच असतो. झेंडूही मूळचा तिकडचाच, पण नोव्हेंबरच्या थंडीत त्याची फुलं मिळवताना नाकीनऊ येतात.

आणि मोले, म्हणजे मिरच्यांच्या वाटणाचं दाट कालवण? ओआहाकाच्या काळ्या मोलेला चिलवाक्ले मिरची लागते. ती ओआहाकातही महाग आणि दुर्मीळ, तेव्हा तो नाद सोडावा. हिरवा मोले करावा. त्याला भोपळ्याच्या बिया लागतात आणि ऑस्ट्रियातल्या श्टायरमार्कच्या हिरव्या, टरफलाविना उगवणाऱ्या बिया जर्मनीत कुठेही मिळतात. त्या कोरड्या भाजायच्या, फुटायला लागल्या की उतरवायच्या. तोमातियो, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि असेल तर एपासोतेची चार पानं घालून वाटायचं. कोंबडीच्या सूपमध्ये मंद आचेवर ढवळत राहायचं, नाहीतर वाटण फाटतं. सोबत भात चालतो, टॉर्टिया असतील तर भाताची गरज नाही.