पप्पांच्या पोटातला टाइमबॉम्ब

बाइकची सर्व्हिसिंग वेळेवर, मोबाइलचं अपडेट वेळेवर! पण गावाकडे असलेल्या पप्पांच्या पोटातली मेन पाइपलाइन कधी चेक केलीय?

ही पाइपलाइन म्हणजे महाधमनी. पोटात ती साधारण २ सेंटिमीटर रुंद असते. वय, बीपी आणि मुख्य म्हणजे बिडी-सिगारेट यांनी तिची भिंत कमजोर झाली, की टायरला येतो तसा फुगा येतो. त्याचं नाव अॅन्युरिझम. बहुतेकदा दुखत नाही, खुपत नाही. पण फुटला, तर बहुतेक पेशंट वाचत नाहीत. १९५५ मध्ये आइन्स्टाइन गेले ते यानेच! १९४८ मध्ये सर्जननी त्यांचं पोट उघडून फुग्याला चक्क सेलोफेन गुंडाळलं होतं.

१९९० मध्ये ब्यूनस आयर्सच्या डॉ. हुआन पारोदींनी चित्रच पालटलं. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी वर सरकवायची आणि एक्स-रेच्या स्क्रीनवर बघत, फुग्याच्या आत कापडी आवरणाचा स्टेंट उघडायचा. रक्त स्टेंटमधून वाहतं, फुग्यावरचा दाब उतरतो. पोट उघडायलाच नको! २००४ च्या ब्रिटिश ट्रायलमध्ये पहिल्या ३० दिवसांतले मृत्यू ओपन ऑपरेशननंतर ४.७ टक्के होते, तर स्टेंटनंतर १.७ टक्के. अर्थात, प्रत्येकाच्या धमनीत स्टेंट बसतोच असं नाही, आणि बसवल्यावरही दरवर्षी तपासणी चुकत नाही.

पण हे सगळं कधी? फुगा आधी सापडला तर! मी जळगावची. पप्पांना हे सांगितलं, तर उत्तर आलं, "मले काय झालंय?" गोची इथेच आहे. काही होत नाही, म्हणून कुणी बघत नाही. आणि फुटल्यावर मुंबईपर्यंतचे ४०० किलोमीटर कापायला वेळ कुठला?

गंमत म्हणजे, शोधायला मुंबई लागतच नाही. पोटाची साधी सोनोग्राफी पुरते. ती जळगावात होते, धुळ्यातही होते. फुगा लहान असेल, तर सिगारेट सोडायची आणि नजर ठेवायची. पुरुषांमध्ये ५.५ सेंटिमीटरला पोचला, की ऑपरेशनचा विचार.

ब्रिटनमध्ये पुरुषांना ६५ व्या वर्षी या तपासणीचं सरकारी बोलावणं येतं. आपल्याकडे ते येत नाही. तेव्हा पप्पा साठी-पासष्टीचे असतील आणि कधीकाळी धूर काढत असतील, तर पुढच्या वीकेंडला घरी गेल्यावर शेवभाजीवर ताव मारण्याआधी त्यांना गाडीवर मागे बसवा. बोलावणं तुमचंच!