नावेचा पंखा आणि यंत्राची शक्ति

कृष्णा-पंचगंगेचा संगम आमच्या जयसिंगपुराहून फार दूर नाहीं. नृसिंहवाडीच्या देवळांत पाणी शिरलें म्हणजे दक्षिणद्वाराच्या स्नानासाठीं लोक धांवतात. तेंच पाणी स्वतःच्या अंगणांत आलें कीं पुण्याची गोडी उरत नाहीं. २००५, २०१९ व २०२१ या सालांचे महापूर शिरोळ तालुका विसरलेला नाहीं. पूर्वी गुळाच्या काहिलींत बसून लोक पूर ओलांडीत. आतां यंत्राच्या होड्या आल्या आहेत. परंतु होडी व यंत्र या दोहोंना जोडणारा जो पंखा, त्याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं.

२०१९ नंतर आमच्या ओळखीच्या एका गांवानें वर्गणी काढून १६ फुटी होडी आणि २५ अश्वशक्तीचें यंत्र घेतलें. पहिल्या दिवशीं दोन माणसें घेऊन ती बाणासारखी सुटली. पेढे वांटले गेले. पुढच्या आषाढांत नदी भरली असतां आठ माणसें बसवून परीक्षा घेतली. मूठ पुरी पिळली, यंत्र घुरघुरूं लागलें, पण होडी काठच्या बाभळीपाशींच घुटमळत राहिली. होडींत माझा पुतण्या होता आणि मी काठावर उभा होतों. तीं दहा मिनिटें मला फार मोठीं वाटलीं. अखेर वल्हीं मारून मंडळी कशीबशी काठाला लागली. “यंत्र कमी पडलें, ४० अश्वशक्तीचें घ्या,” असा एकमुखी निर्णय झाला. सुदैवानें मालवणकडचा एक कारागीर सोयरिकीनिमित्त गांवीं आला होता. त्यानें पंखा हातानें फिरवून पाहिला आणि विचारलें, “हा कोणीं दिला तुम्हांला?”

पंख्यावर दोन आंकडे कोरलेले असतात. पहिला व्यासाचा. दुसरा पिचचा, म्हणजे लांकडांत शिरणाऱ्या स्क्रूप्रमाणें पंखा एका फेऱ्यांत जितका पुढें जाईल तितक्या अंतराचा. आमचे आंकडे १० व १३ इंच होते. हा पंखा हलक्या, पळणाऱ्या होडीचा. बैलजोडी तीच ठेवून मोट दीडपट केली तर पाणी दीडपट येत नाहीं. बैल धांवेवरच अडतात. अशा यंत्राची पुरी शक्ति मिनिटाला सुमारें ५,००० ते ६,००० फेऱ्यांवर निघते. आमचें यंत्र ४,२०० च्या पुढें जाईना. म्हणजे २५ अश्वशक्ति कागदावरच राहिली. शिवाय असें दडपणाखालीं राबणारें यंत्र तापतें व लौकर झिजतें.

पिच एक इंचानें कमी केलें तर फेरे साधारण १५० ते २०० नीं वाढतात. कारागिराच्या सांगण्यावरून ९ इंची पिचचा पंखा आणविला. तींच आठ माणसें, तीच नदी; फेरे मोजण्याचा कांटा ५,१०० वर गेला आणि बाभूळ मागें पडली. यंत्राच्या दोन फेऱ्यांस पंख्याचा एक, या हिशेबानें ताशीं ३५ किलोमीटर वेग येतो. प्रत्यक्षांत वेग पुष्कळ कमी होता, कारण पाणी म्हणजे लांकूड नव्हे. तें मागें सरकतें, आणि होडी जड तितकी ही घसरण अधिक. पाणी मागें लोटल्याविना होडी पुढें जाणार तरी कशी?

या विद्येच्या आरंभींही असाच प्रसंग घडला होता. १८३६ सालीं पेटंट घेणाऱ्या फ्रान्सिस पेटिट स्मिथ या इंग्रज शेतकऱ्याच्या होडीला दोन वेढ्यांचा लांकडी स्क्रू होता. १८३७ सालीं कालव्यांत आदळून त्याचा अर्धा भाग मोडला, आणि होडी अधिकच वेगानें धांवूं लागली!

उलट दोषही आहे. कमी पिचच्या पंख्यानें रिकामी होडी पळविली तर यंत्र मर्यादेबाहेर फिरतें. तेथें मूठ सैल ठेवावी. पंचगंगेंतील जलपर्णी पंख्याला गुंडाळते, ही आणखी एक पीडा. बुडालेलें कुंपण तर दिसतच नाहीं. त्यासाठीं लहान यंत्रांत मुद्दाम कमकुवत ठेवलेली खीळ असते, मोठ्यांत रबरी गाभा. धक्का बसतां तो भाग तुटतो किंवा घसरतो व आंतलीं दांतेरीं चाकें वांचतात. म्हणून जादा पंखा, खिळी आणि पकड होडींतच बांधून ठेवावी.

त्या गांवांत आतां ज्येष्ठांतच वाळूचीं ५० किलोंचीं दहा पोतीं होडींत घालून परीक्षा घेतात. कांटा ५,००० ला पोंचला तरच होडी देवळामागच्या वडाला बांधतात.