संग्राहकाची ‘नवी भर’ आणि संशोधकाची नोंद: फिल्मी रेकॉर्ड्सकडून काय शिकायचं?

पेटची तयारी करणारे किंवा नुकताच कोर्सवर्क सुरू केलेले विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात: “आमचा विषय साहित्याचा, संगीताचा, सिनेमाचा. प्रयोगशाळा नाही, प्रश्नावली नाही. मग आमचा डेटा कुठला?” याचं उत्तर व्याख्या देऊन नीट कळत नाही, म्हणून आज एक उदाहरण घेऊ. चित्रपटसंगीताच्या रेकॉर्ड जमवणाऱ्या लोकांचं.

ही मंडळी चोरबाजारात फिरतात, रद्दीवाल्याशी ओळख ठेवतात आणि नवीन काही हाती लागलं की आपल्यासारख्याच वेड्या मित्रांना कळवतात. बाहेरून पाहिलं तर हा निव्वळ छंद. पण मुरलेला संग्राहक नवी भर कशी कळवतो ते नीट पाहा. सिनॉप्सिसमधल्या ‘संशोधनपद्धती’ या प्रकरणात तुम्हाला जे लिहायचं असतं, त्यातलं बरंच काही तिथे सापडेल.

१. नोंद म्हणजे काय?

नवखा माणूस सांगतो, “महलची रेकॉर्ड मिळाली!” मुरलेला माणूस सांगतो तो असा: चित्रपटाचं नाव, वर्ष, कंपनी, तबकडीचा आकार आणि वेग, लेबलवरचा कॅटलॉग नंबर, दोन्ही बाजूंचे मॅट्रिक्स नंबर, लेबलवर छापलेली नावं (जशी छापली आहेत तशीच), तबकडीची अवस्था आणि ती कुठून आली.

कॅटलॉग नंबर हा विक्रीसाठी असतो. एचएमव्हीच्या जुन्या फिल्मी तबकड्यांवर ‘एन’ने सुरू होणारा नंबर दिसतो, कोलंबियाच्या तबकड्यांवर ‘जीई’ने. मॅट्रिक्स नंबर वेगळा. तो लेबलजवळच्या कोऱ्या भागात उमटवलेला असतो आणि ध्वनिमुद्रणाच्या त्या विशिष्ट साच्याशी जोडलेला असतो. एकच गाणं पुढे दुसऱ्या कॅटलॉग नंबराने पुन्हा बाजारात आलं, तर लेबल बदलतं, पण मूळ मुद्रण तेच आहे की नवं, हे मॅट्रिक्स नंबरवरून ताडता येतं. थोडक्यात, एक नंबर ‘विकलेल्या वस्तूचा’ आणि दुसरा ‘मुद्रणाचा’. तुमच्या विषयातही असे दोन स्तर असतात: पुस्तक आणि त्याची आवृत्ती, हस्तलिखित आणि त्याची नक्कल. आपण नक्की कशाबद्दल बोलतोय, हे नोंदीतच स्पष्ट व्हायला हवं.

२. लेबल खरं बोलतं का?

‘महल’ (१९४९) या चित्रपटातलं सगळ्यात गाजलेलं गाणं लता मंगेशकरांनी गायलं. पण त्याच्या पहिल्या तबकडीवर गायिका म्हणून नाव होतं ‘कामिनी’. कामिनी म्हणजे चित्रपटात मधुबालाने केलेली व्यक्तिरेखा! त्या काळात पात्राचं नाव छापायची पद्धत होती.

आता समजा, शंभर वर्षांनी एखाद्या विद्यार्थ्याकडे फक्त लेबलांची यादी आहे. तो ‘कामिनी’ नावाची एक गायिका शोधून काढेल आणि तिच्यावर एक परिच्छेदही लिहील. चूक लेबलची नाही. लेबल हा प्राथमिक स्रोत आहेच, पण तो ‘कोण गायलं’ याचा पुरावा नसून ‘कंपनीने काय छापलं’ याचा पुरावा आहे. हा फरक व्हायवामध्ये हमखास विचारला जातो: “तुमचा स्रोत नेमकं काय सिद्ध करतो?”

जाणकार संग्राहक यावर सोपा उपाय करतात. दोन वेगळे रकाने: ‘लेबलवर छापलेलं नाव’ आणि ‘इतर पुराव्यावरून ठरवलेलं नाव’. पहिल्यात दुरुस्ती करायची नाही, दुसऱ्यात पुरावा कोणता ते लिहायचं. ‘कामिनी’ खोडून ‘लता’ लिहिलंत, तर गायिकेचं नाव न छापण्याच्या त्या पद्धतीचा पुरावाच तुम्ही पुसून टाकलात. आणि खरा संशोधनाचा प्रश्न कदाचित तिथेच होता: पार्श्वगायकांची नावं तबकडीवर कधीपासून यायला लागली, आणि का?

३. मोजायचं काय ते आधी ठरवा

‘चित्रपटगीत’ म्हणजे काय? प्रश्न बाळबोध वाटतो. पण ही उदाहरणं पाहा.

‘आलम आरा’ (१९३१) या पहिल्या हिंदी बोलपटात सात गाणी होती, पण त्यांच्या तबकड्या निघाल्या नाहीत. आज चित्रपटही उपलब्ध नाही. म्हणजे गाणी झाली, पण ऐकायला काहीच नाही. लता मंगेशकरांनी १९४२ मध्ये ‘किती हसाल’ या मराठी चित्रपटासाठी गाणं गायलं, ते चित्रपटातून वगळलं गेलं. ‘शोले’साठी (१९७५) एक कव्वाली मुद्रित झाली, पण पडद्यावर आली नाही. त्याच ‘शोले’च्या संवादांची रेकॉर्ड मात्र पॉलिडोरने काढली आणि ती तुफान चालली. आता ती रेकॉर्ड ‘चित्रपटसंगीताच्या’ यादीत घ्यायची की नाही?

शिवाय ७८ आरपीएमच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन-सव्वातीन मिनिटंच मावायची. त्यामुळे कित्येक गाण्यांची पडद्यावरची आवृत्ती लांब आणि तबकडीवरची छोटी. कधी एक अंतरा गायब, कधी गाणं दोन बाजूंना विभागलेलं.

म्हणजे गोळा होतात तीन संच: मुद्रित झालेलं, चित्रपटात असलेलं, तबकडीवर निघालेलं. तिन्ही एकमेकांवर बरेचसे पडतात, पण पूर्ण जुळत नाहीत.

हॉलिवूडच्या पार्श्वसंगीताचे अल्बम जमवणाऱ्यांचाही हाच वाद असतो. ‘स्टार वॉर्स’चा १९७७ चा दुहेरी अल्बम जॉन विल्यम्सने ऐकायला सलग वाटेल अशा क्रमाने लावला होता, तो चित्रपटातल्या प्रसंगांचा क्रम नव्हे. अल्बम ऐकून कुणी ‘संगीतकार कथेचा ताण कसा वाढवत नेतो’ यावर निबंध लिहिला, तर तो भलत्याच गोष्टीवर लिहिलेला असेल. हिचकॉकच्या ‘टॉर्न कर्टन’साठी (१९६६) बर्नार्ड हरमनने लिहिलेलं संगीत नाकारलं गेलं आणि चित्रपटात जॉन ॲडिसनचं आलं. हरमनचं संगीत पुढे एल्मर बर्नस्टीनने पुन्हा वाजवून रेकॉर्डवर आणलं, तेही रसिकांनी वर्गणी भरून चालवलेल्या मालिकेतून. म्हणजे अल्बम आहे, पण त्या रूपात चित्रपट नाहीच!

म्हणून सिनॉप्सिस लिहिताना पहिल्या दोन पानांत सांगा: “या प्रबंधात चित्रपटगीत म्हणजे अमुक.” गाइड ‘ऑपरेशनल डेफिनिशन’ म्हणून ज्याचा आग्रह धरतात, ते हेच.

४. मोठा आकडा दिसला की भागाकार करा

१९७४ च्या गिनेस बुकने लता मंगेशकरांच्या नावे विक्रम नोंदवला: १९४८ ते १९७४ मध्ये किमान २५,००० गाणी. मोहम्मद रफींनी त्याला आक्षेप घेतला आणि स्वतःचा आकडा त्याहून मोठा सांगितला. पुढे १९९१ मध्ये गिनेसने दोघांच्याही नोंदी वगळल्या.

आता कागद घ्या. १९४८ ते १९७४ म्हणजे सत्तावीस वर्षं. २५,००० भागिले २७ म्हणजे वर्षाला ९२५ च्या आसपास, रोज अडीच गाणी, सुट्टी नाही. दुसरा भागाकार आणखी बोलका आहे. त्या काळात वर्षाला साधारण शंभर-सव्वाशे हिंदी चित्रपट निघत. प्रत्येकी सात-आठ गाणी धरली तर एकूण गाणीच आठ-नऊशे. म्हणजे पुरुषांची, इतर गायिकांची, सगळी गाणी एकटीने गायली तरच हिंदीतून तो आकडा गाठता येतो. मराठी, बंगाली आणि खासगी गाणी मिळवली तरी एवढी दरी भरत नाही. हा ढोबळ हिशेब आहे, पण दाव्याच्या शेजारी प्रश्नचिन्ह ठेवायला पुरेसा आहे.

नेमकं उत्तर मात्र ढोबळ हिशेबाने मिळत नाही, एकेक गाणं मोजावं लागतं. ते काम संग्राहकांनी केलं. कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज़’ यांनी ‘हिंदी फिल्म गीत कोश’ तयार केला: १९३१ ते १९८० या पन्नास वर्षांची, दशकानुसार खंड पाडून, चित्रपटवार गाण्यांची सूची. त्यांच्या ‘लिस्नर्स बुलेटिन’मधून देशभरचे रसिक एकमेकांच्या नोंदी तपासत, दुरुस्त करत. अशा मोजणीतून रफींच्या हिंदी चित्रपटगीतांचा आकडा साडेचार हजारांच्या आसपास येतो. त्याने गायकाची थोरवी तसूभरही कमी होत नाही. कमी होतो तो आपला आकड्यांवरचा आंधळा विश्वास, आणि तेच हवं आहे.

५. संग्रह म्हणजे सगळा समाज नव्हे

इथे एक धोका आहे. समजा एका संग्राहकाने तुम्हाला दोन हजार तबकड्यांची यादी दिली. त्यावरून “पन्नाशीच्या दशकात युगुलगीतं वाढली” असं लिहिता येईल का? नाही. लाखेची तबकडी हातातून पडली की तुकडे होतात. जे जास्त छापलं गेलं, तेच जास्त उरलं. त्यातही ज्या संग्राहकाला तलत महमूद आवडतो त्याच्याकडे तलत जास्त असणार. म्हणजे गाळणी दोनदा लागली: एकदा काळाची, एकदा आवडीची.

मग यादी निरुपयोगी? मुळीच नाही. फक्त प्रश्न बदला. “त्या काळात काय होतं?” याऐवजी “काय टिकलं आणि का?” हा प्रश्न या यादीला विचारता येतो. पहिलाच प्रश्न हवा असेल तर यादी कंपन्यांच्या कॅटलॉगशी, चित्रपटगृहात विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिकांशी आणि गीत कोशाशी ताडून पाहा. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि मुंबईत १९९० मध्ये सुरू झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स, तिचं ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक, ही ठिकाणं माहीत असू द्या.

६. वाटून घेण्याचे नियम

संग्राहक माहिती मोकळेपणाने देतात. आपण ती कशी वापरतो यावर पुढच्या विद्यार्थ्याला दार उघडं राहील की बंद होईल, हे ठरतं. तीन गोष्टी पाळा. कुणाच्या संग्रहातली तबकडी पाहिली ते प्रबंधात लिहा, पण आधी नाव छापायची परवानगी घ्या. तुम्हाला नोंदीत दुरुस्ती सापडली तर ती त्यांना कळवा. नुसतं घेऊन जाऊ नका. आणि माहिती वाटणं वेगळं, ध्वनिफीत वाटणं वेगळं. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, म्हणजे १९४९ च्या तबकडीचा २००९ अखेर संपला. पण गीत आणि चाल यांचा हक्क स्वतंत्र असतो आणि तो गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. ‘जुनं आहे, चालतं’ असं गृहीत धरू नका.

या सगळ्याला घाईही आहे. जुने संग्राहक थकत चालले आहेत. माणूस गेला की घरच्यांना त्या जड तबकड्यांचं काय करायचं ते कळत नाही आणि संग्रह किलोवर जातो. तबकडी दुसरीकडे कदाचित मिळेल. पण ती कुठून आली, लेबलवरचं नाव खोटं का आहे, दुसऱ्या बाजूचं गाणं चित्रपटात का नाही, हे त्या माणसाच्या डोक्यात असतं आणि ते लिहून घेतलं नाही तर त्याच्याबरोबर जातं.

या आठवड्यात एवढं करा. घरात किंवा शेजारी असलेली एक रेकॉर्ड, नाहीतर कॅसेट घ्या. वर सांगितलेले रकाने वहीत आखा आणि भरा. जे कळत नाही तिथे अंदाज न लिहिता ‘माहीत नाही’ लिहा. मग ज्यांची ती वस्तू आहे त्यांच्याशी अर्धा तास बोला आणि किती ‘माहीत नाही’ कमी झाले ते मोजा. प्राथमिक स्रोत, मुलाखत आणि पडताळणी, तिन्हींचा पहिला सराव त्यातच होऊन जाईल.