मोरी मोडण्याआधी

आपण मुंबईत राहतो. घर लहान आणि माणसे जास्त. चार पैसे हाती आले की मोरी नीट करून घ्यावी, असे प्रत्येक घरात वाटते. त्यात वावगे काही नाही. पण भिंतीवर घण घालण्याआधी एक गोष्ट समजून घेऊ या. आपल्या मोरीची जमीन म्हणजे खालच्या घराचे छत. मोरी आपली खरी, पण ती एकट्या आपली नाही.

मग परवानगी कशाला लागते आणि कशाला लागत नाही?

मुंबई महानगरपालिकेचा कायदा १८८८ सालचा आहे. पुढे त्यात वेळोवेळी बदल झाले. त्यातले ३४२ वे कलम आपल्या कामाचे आहे. किरकोळ दुरुस्ती असेल तर पालिकेला आधी कळवावे लागत नाही. किरकोळ म्हणजे काय, तेही कायद्यानेच सांगून ठेवले आहे. गिलावा करा, रंग द्या. जुन्या लाद्या काढून नव्या बसवा. आहे त्या जागी मोरी किंवा संडास दुरुस्त करा. गळका नळ, फुटका पाइप बदला. एवढ्याला पालिकेची परवानगी नको.

पण मोरी जागची हलवली, भिंत पाडली, नवा संडास काढला किंवा घर बाहेरच्या अंगाला वाढवले, की ती दुरुस्ती राहत नाही. तो फेरफार झाला. त्याची खबर पालिकेला आधी लेखी द्यायची. मंजुरी आली की मगच कामाला हात लावायचा.

एक उदाहरण घेऊ. समजा, तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना मोरी खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात न्यायची आहे. कंत्राटदार म्हणतो, "वहिनी, कागद कशाला? आठ दिवसांत करून देतो. सगळे असेच करतात की!" वहिनींना ते पटते.

आता पुढे काय होते ते पाहू. पुष्कळ इमारतींत मोरीखालचा स्लॅब मुद्दाम खाली घेतलेला असतो. त्या खोलगट जागेत पाइप बसतात. खोलीच्या कोपऱ्यात अशी जागा नसते. म्हणून जमीन उंच करावी लागते. मोरी दीड मीटर लांब, १.२ मीटर रुंद आणि भर ३० सेंटिमीटर उंच धरा. विटांचे तुकडे आणि सिमेंट मिळून ओझे होते ८०० ते १,००० किलो. म्हणजे सिमेंटच्या १६ ते २० गोण्या त्या कोपऱ्यात कायमच्या रचून ठेवल्यासारखे झाले! स्लॅबला हे पेलेल का? ते नुसत्या नजरेने कळत नाही. इंजिनिअरने हिशेब करून सांगावे लागते.

शिवाय त्या कोपऱ्याखाली काकूंचे स्वयंपाकघर आहे. वरून ठिबकले तर ते थेट काकूंच्या पातेल्यात. मग भांडण, आणि वर्षानुवर्षांचा शेजार तुटतो.

ओल बाहेर दिसते, पण खांबाचे दुखणे दिसत नाही. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरमध्ये एक इमारत कोसळली. १७ माणसे दगावली. तळमजल्यावर फेरफाराचे काम चालू होते, आणि खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. म्हणून खांब आणि तुळई यांना छिन्नीसुद्धा लावू देऊ नका. मोरीची जागा करण्यासाठी तर नाहीच नाही.

तेव्हा काम असे करावे.

पहिले, सोसायटीच्या कमिटीला अर्ज द्या आणि लेखी होकार घ्या. भाड्याचे घर असेल तर मालकाला विचारा. चिटणीस जिन्यात भेटले आणि "करा, करा" म्हणाले, ही परवानगी नव्हे.

दुसरे, वॉर्ड कचेरीत जा. तिथल्या इमारत व कारखाने खात्यात विचारा, की हे काम किरकोळ दुरुस्तीत बसते का. बसत नसेल तर जाणकार आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरकडून नकाशा करून घ्या. अर्जाची पोच मागा आणि ती जपून ठेवा.

तिसरे, नळाचे काम परवाना असलेल्या प्लंबरकडूनच करवा.

चौथे, जमीन पाणी न झिरपणारी हवी. तिचा उतार जाळीकडे हवा, खोलीकडे नको. भिंतीला निदान एक मीटर उंचीपर्यंत लाद्या किंवा घोटीव सिमेंट हवे. लाद्या बसवण्याआधी मोरीचे तोंड बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेवा. मग खाली जाऊन काकूंना विचारा, "काकू, छताला ओल आली का हो?"

परवानगीवाचून काम केले तर पालिका ते थांबवू शकते. केलेले बांधकाम पाडायला लावू शकते. म्हणजे बांधण्याचा खर्च आपला आणि पाडण्याचाही आपलाच.

कागदाला चार फेऱ्या पडतात, हे खरे. कधी कंटाळाही येतो. पण आता आपल्याला वाचता येते. अर्ज वाचून सही करता येते. "सगळे असेच करतात" असे कुणी म्हटले, तर आपण म्हणू या, "आधी कागद दाखवा, आम्ही वाचतो."