शैक्षणिक संशोधन-लेखांचा शोध आणि शोधशब्दांची निवड : नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

२०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण ६९ टक्क्यांहून अधिक होते, तर साक्षरतेचे प्रमाण ६४.३८ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होते. आश्रमशाळा, विद्यार्थ्यांची गळती, तसेच घरची भिली, पावरी वा मावची बोली आणि शाळेतील मराठी यांतील अंतर हे येथील अध्यापकांच्या संशोधनाचे स्वाभाविक विषय होत. मात्र डेटाबेसमध्ये केवळ जिल्ह्याचे नाव टाकून फारसे काही हाती लागले नाही, तर 'या विषयावर पूर्वसंशोधन आढळत नाही' असा निष्कर्ष काढला जाण्याचा संभव असतो. पुष्कळदा उणीव संशोधनाची नसून शोधशब्दांची असते.

शोधाची साधने

शिक्षणशास्त्रासाठी 'एरिक' हा प्रमुख डेटाबेस होय. अमेरिकेच्या शिक्षण विभागाचा हा उपक्रम १९६४ मध्ये सुरू झाला व तो सर्वांना विनामूल्य खुला आहे. त्यातील 'ईजे' क्रमांकाच्या नोंदी नियतकालिकांतील लेखांच्या, तर 'ईडी' क्रमांकाच्या नोंदी अहवालादी अन्य दस्तऐवजांच्या असतात. भारतीय प्रबंधांसाठी इन्फ्लिबनेटचे 'शोधगंगा' हे भांडार उपयुक्त आहे. त्यात मराठी प्रबंधही असल्याने देवनागरी व रोमन अशा दोन्ही लिपींत शोध घ्यावा. सशुल्क नियतकालिकांसाठी २०१० मध्ये महाविद्यालयांकरिता 'एन-लिस्ट' आणि १ जानेवारी २०२५ पासून शासकीय संस्थांकरिता 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या योजना सुरू झाल्या. आपल्या महाविद्यालयास यांपैकी काय उपलब्ध आहे, हे ग्रंथपालांकडून आधी समजून घ्यावे.

विषयवाचक शब्द

एरिकमधील प्रत्येक नोंदीस ठरावीक शब्दकोशातील विषयसंज्ञा दिलेल्या असतात. 'आश्रमशाळा' ही आपली संज्ञा आहे. एरिकच्या कोशात तिला जवळची संज्ञा 'बोर्डिंग स्कूल्स' ही होय. मातृभाषेतून शिक्षणासाठी 'नेटिव्ह लँग्वेज इन्स्ट्रक्शन', तर आदिवासी समाजासाठी 'इंडिजिनस पॉप्युलेशन्स' या संज्ञा आहेत. डेटाबेस अमेरिकन असल्यामुळे भारताविषयीच्या लेखांस 'फॉरेन कंट्रीज' ही संज्ञा दिली जाते आणि देशाचे नाव स्थळाच्या स्वतंत्र रकान्यात येते. समानार्थी शब्द 'ऑर'ने व भिन्न संकल्पना 'अँड'ने जोडाव्यात. एक उपयुक्त लेख मिळताच त्याच्या विषयसंज्ञा पाहून पुढील शोध घेणे फलदायी ठरते.

स्थलवाचक शब्द

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यामुळे नवापूर वा अक्राणीविषयीचे तत्पूर्वीचे लेखन 'धुळे' अथवा इंग्रजीतील जुन्या 'धुलिया' या नावाखाली शोधावे लागते. त्याहून जुने लेखन 'पश्चिम खानदेश' या नावाखाली मिळू शकते. अक्राणी तालुका 'धडगाव' या नावानेही ओळखला जातो. भिल्ल, पावरा या जमातींच्या नावांची रोमन लेखनरूपेही एकाहून अधिक आहेत. ही सर्व रूपे आधी कागदावर लिहून घ्यावीत व मगच शोध सुरू करावा.

गुणवत्तेची पारख

एरिकमध्ये केवळ तज्ज्ञ-परीक्षित लेख निवडण्याची, तसेच पूर्ण मजकूर उपलब्ध असलेले लेख वेगळे काढण्याची सोय आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 'यूजीसी-केअर' यादी २०२५ मध्ये बंद केली. त्यामुळे नियतकालिकाचे संपादक मंडळ, परीक्षणपद्धती व प्रकाशनातील नियमितता तपासण्याची अध्यापकांची जबाबदारी वाढली आहे.

समारोप

डेटाबेस शब्द जुळवितो. संशोधकाचा आशय त्याला कळत नाही. म्हणून कोणत्या डेटाबेसमध्ये, कोणत्या दिनांकास, कोणते शब्द वापरून शोध घेतला, याची नोंद ठेवणे आवश्यक आहे. अशी नोंद असेल तरच 'पूर्वसंशोधन आढळले नाही' हे विधान इतरांना तपासून पाहता येते. अन्यथा या जिल्ह्यातील मुलांविषयी पूर्वी झालेले काम दुर्लक्षित राहते आणि तेच प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारले जातात.